एफपीजीएचा क्लॉक थरथरतोय? आधी प्रोबची शेपटी काढा

कुपवाड एमआयडीसीत पत्र्याच्या शेडमध्ये माझं दुरुस्तीचं टेबल आहे. कास्टिंगमधल्या पोकळ्या शोधणाऱ्या अल्ट्रासोनिक यंत्राचा एक बोर्ड आला होता. सायक्लोन फोर ही एफपीजीए चिप (आतलं सर्किट हवं तसं जुळवता येणारी), १२ बिटांचा एडीसी (सिग्नलचे आकडे करणारी चिप), ठोके देणारा ५० मेगाहर्ट्‌झचा क्लॉक. तक्रार एकच: बारीक पोकळीचा प्रतिध्वनी गोंगाटात बुडतो. मी आठ दिवस पीएलएलची, म्हणजे एफपीजीएतल्या क्लॉक बनवणाऱ्या सर्किटची, सेटिंग्ज बदलत बसलो. तुम्ही बसू नका.

आधी दुखणं क्लॉकचंच आहे का ते बघा. एडीसीला ५ मेगाहर्ट्‌झची साइन वेव्ह द्या, एफएफटी (कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती सिग्नल आहे तो आलेख) काढा, गोंगाटाची पातळी लिहून ठेवा. मग व्होल्टेज तेवढंच ठेवून २.५ मेगाहर्ट्‌झ द्या. गोंगाट ६ डेसिबलने उतरला, तर जिटर, म्हणजे क्लॉकच्या कडांचं वेळेत मागेपुढे थरथरणं. जागचा हलला नाही, तर क्लॉकला सोडा आणि अँप्लिफायरला धरा. सिग्नल जितक्या वेगाने चढतो, तितकी वेळेतली चूक व्होल्टेजमध्ये मोठी होऊन दिसते. ५ मेगाहर्ट्‌झला १०० पिकोसेकंद आरएमएस (एक प्रकारची सरासरी) जिटर असला, की सिग्नल गोंगाटाच्या जेमतेम ५० डेसिबल वर राहतो. म्हणजे पैसे १२ बिटांचे आणि पदरात ८. जनरेटर स्वस्तातला असेल तर पुढे फिल्टर लावा, नाहीतर त्याचाच गोंगाट मोजत बसाल.

आता ऑसिलोस्कोप. प्रोबची ती लांब मगर-क्लिपवाली ग्राउंड वायर काढा आणि टोकाला छोटी स्प्रिंग लावा. ती शेपटी म्हणजे अँटेनाच, शेजारच्या व्होल्टेज रेग्युलेटरचा सगळा कचरा गोळा करते. माझ्या आठांतले तीन दिवस तिनेच खाल्ले.

क्लॉकच्या एका कडेवर ट्रिगर लावा, पर्सिस्टन्स (जुन्या रेघा पडद्यावर राहू देणारी सोय) चालू करा आणि डिले वाढवत पुढच्या कडा बघत जा. माझ्याकडे २० नॅनोसेकंदांवरची कड बारीक होती. डिले वाढेल तशी ती फुगत गेली, १.२५ मायक्रोसेकंदांपाशी सगळ्यात जाड झाली, आणि २.५ पाशी पुन्हा बारीक! नुसता रँडम जिटर असा परत आवळत नाही. २.५ मायक्रोसेकंद म्हणजे ४०० किलोहर्ट्‌झ, आणि बोर्डावरचा बक रेग्युलेटर (चालू-बंद होत व्होल्टेज उतरवणारा) नेमका तेवढ्यावरच स्विच होत होता. एफएफटीतही ५ मेगाहर्ट्‌झच्या दोन्ही अंगांना ४०० किलोहर्ट्‌झ अंतरावर दोन शिंगं होती. पहिल्याच दिवशी दिसली होती, मी लक्ष दिलं नव्हतं.

पीएलएलचा २.५ व्होल्टचा ॲनालॉग सप्लाय थेट त्या बकवरून घेतलेला. ट्रॅक कापून तिथे बेंच सप्लाय जोडला, शिंगं गायब. मग ३.३ व्होल्टवरून छोटा एलडीओ (स्विच न होणारा शांत रेग्युलेटर) टाकला. इथे नुसता फेराइट बीड (गोंगाट अडवणारा छोटा मणी) लावून मोकळं व्हायचा मोह होतो. पण बीड आणि सिरॅमिक कॅपॅसिटर मिळून स्वतःच रेझोनन्स घेऊ शकतात, आणि तो स्विचिंगच्या आसपास पडला तर दुखणं वाढतं. बीड लावलाच तर सोबत थोडा ईएसआर (अंगचा रेझिस्टन्स) असलेला मोठा कॅपॅसिटरही द्या.

तरी गोंगाट हवा तितका उतरेना. कारण एडीसीचा क्लॉक पीएलएलमधून, तोही एफपीजीएच्या साध्या आयओ (इनपुट-आउटपुट) पिनवरून बाहेर काढलेला, आणि शेजारच्या पिनांवर डेटा बस नाचतेय. माझं मत स्पष्ट आहे: एडीसीचा क्लॉक एफपीजीएमधून घ्यायचाच नाही. ऑसिलेटरपुढे बफर टाकला. एक फाटा थेट एडीसीला, दुसरा एफपीजीएच्या डेडिकेटेड क्लॉक पिनला, दोन्हींच्या उगमाशी ३३ ओहम. डेटा पकडायचा फेज पीएलएलमध्ये जुळवला. गोंगाट तिथून खरा खाली आला.

बाकी किरकोळ: एफपीजीएत काउंटरने भागून नवा क्लॉक बनवू नका, एनेबल (हव्या त्याच ठोक्याला काम करू देणारा सिग्नल) वापरा. शेजारच्या आउटपुटचा ड्राइव्ह (जोर) कमी आणि स्ल्यू (चढण्याचा वेग) मंद ठेवा. टायमिंगच्या फाइलमध्ये क्लॉक अनसर्टन्टी (कड किती मागेपुढे होऊ शकते तो आकडा) लिहा. आणि एप्रिलात शेड तापल्यावर फ्रिक्वेन्सी सावकाश सरकते तो ड्रिफ्ट, त्याला जिटर म्हणून छळू नका.

बोर्ड पाठवणाऱ्या वर्कशॉपचा फोन परत आला, तो ट्रान्सड्यूसरची केबल फोर्कलिफ्टखाली गेल्याचा.