फोर्साइथचा आराखडा अटलांटाला जाण्याआधी

सगळ्यात आधी कॅलेंडर काढा. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात काउंटीला (म्हणजे जिल्ह्याला, आपल्या बाबतीत फोर्साइथ) आपला कॉम्प्रिहेन्सिव्ह प्लॅन, म्हणजे वाढीचा आणि जमीनवापराचा सर्वंकष आराखडा, दर 5 वर्षांनी अद्ययावत करावा लागतो, आणि त्यात दोन जनसुनावण्या सक्तीच्या आहेत. पहिली काम सुरू होताना, दुसरी मसुदा तयार झाल्यावर, पण तो अटलांटा रीजनल कमिशन या प्रादेशिक नियोजन संस्थेकडे जाण्याआधी. दुसरीची तारीख लाल पेनाने लिहा. आपल्यातले बरेच जण 'रीजनल रिव्ह्यू' (त्या कमिशनची तपासणी) सुरू झाला असं ऐकून जागे होतात. तोवर गाडी सुटलेली असते. कमिशन बघतं ते आवश्यक ती प्रकरणं आहेत का आणि शेजारच्या काउंट्यांशी कुठे खटका उडतोय का. राज्याचं खातं नियम पाळलेत का ते तपासतं. तुमच्या घरामागच्या झाडीत टाउनहाउस यावीत की नाही, हे दोघांपैकी कोणीच ठरवत नाही. ते कमिंगमध्ये, काउंटीच्या मुख्यालयात, ठरतं, पाच निवडून आलेल्या कमिशनरांपुढे.

फोर्साइथ 2021 मध्ये अटलांटा रीजनल कमिशनमध्ये आलं, अकरावी काउंटी म्हणून. त्याआधीचे कागद चाळायचे असतील तर ते जॉर्जिया माउंटन्स रीजनल कमिशनच्या नावाने शोधा.

प्लॅनमधला जमीनवापराचा नकाशा छापून घ्या, फोनवर बघू नका. आणि तो बघताना पुण्या-नाशिकची सवय जरा बाजूला ठेवा. तिकडे डीपी (शहराचा विकास आराखडा) आला की पहिला प्रश्न असतो, 'आपल्या प्लॉटवर आरक्षण पडलंय का?' इथल्या जमीनवापराच्या नकाशाने कोणाच्या प्लॉटवर आरक्षण पडत नाही. तो म्हणजे झोनिंगही (कोणत्या जमिनीवर काय बांधता येईल याचा नियम) नव्हे. पण उद्या बिल्डर रीझोनिंगचा, म्हणजे तो नियम बदलून घेण्याचा, अर्ज घेऊन आला की काउंटीचे लोक हाच नकाशा उघडतात. म्हणून आपलं घर शोधून थांबू नका. आजूबाजूच्या मोकळ्या जमिनींना कोणता रंग दिलाय आणि मागच्या नकाशात कोणता होता, ते टिपून ठेवा.

आता खरा ऐवज. प्लॅनच्या शेवटी शेवटी, जिथवर कोणी पोचत नाही, तिथे 'कम्युनिटी वर्क प्रोग्रॅम' नावाचा तक्ता असतो. पुढच्या 5 वर्षांत काय करणार, कोणत्या वर्षी, कोणी, किती खर्चात, पैसे कुठून. त्याच्याबरोबर मागच्या तक्त्याचा हिशोब द्यावा लागतो: काय झालं, काय चालू आहे, काय पुढे ढकललं, काय सोडून दिलं. दोन्ही तक्ते डायनिंग टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि पेन्सिल घेऊन बसा. पुढे ढकललेलं काम नव्या तक्त्यात आलंय का? आलं असेल तर खर्चाच्या रकान्यात आकडा आहे की नुसतं गोड बोलणं? 'आमच्या रस्त्यावर ट्रॅफिक फार' हे सुनावणीत दहा जण बोलतात आणि सगळे मान डोलावतात. 'हे काम मागच्या यादीत होतं, या यादीतून का गेलं?' असं एकाने विचारलं, तर उत्तर द्यावं लागतं.

शाळांबद्दल बोलणार असाल (आपण बोलणारच) तर एक गोष्ट माहीत असू द्या. नव्या घरांवर काउंटी जी इम्पॅक्ट फी घेते, ती जॉर्जियाच्या 1990 च्या कायद्याप्रमाणे रस्ते, पाणी, सांडपाणी, पार्क, लायब्ररी, पोलीस-अग्निशमन अशा कामांसाठीच असते. शाळा त्या यादीत नाहीत. शिवाय स्कूल बोर्ड वेगळं निवडून येतं. त्यामुळे 'बिल्डरकडून शाळेचे पैसे घ्या' म्हटलंत तर ते वाया जाईल. 'नवीन घरांचा अंदाज शाळेच्या जागांशी ताडून पाहिलाय का?' असं विचारा.

आकडे दोनच बरोबर न्या: 2010 च्या जनगणनेत 1,75,511 लोक, 2020 मध्ये 2,51,283. पाण्याचा मुद्दा असेल तर लेक लेनिअर हा इथला जलाशय आणि 2001 मध्ये स्थापन झालेला महानगर जलनियोजन जिल्हा, एवढं पुरे.

बोलायला किती वेळ मिळेल ते आधी फोन करून विचारा. रीझोनिंगच्या सुनावणीत प्रत्येक बाजूला निदान 10 मिनिटं द्यायचा कायदा आहे, पण ही सुनावणी वेगळी. म्हणणं एका पानात लिहून न्या, आणि प्रत देऊन ती नोंदीत घ्यायला सांगा. एकटे जाऊ नका. काउंटीत दर पाचांत जवळजवळ एक जण आशियाई आहे. सभागृहात ते प्रमाण मला अजून दिसलेलं नाही.

रिव्ह्यू संपला की प्लॅन मंजुरीसाठी कमिंगला परत येतो. तेव्हाही जा, पण कोणी काही बदलेल अशी आशा धरू नका. मुदतीत मंजुरी झाली नाही तर काउंटीचा 'क्वालिफाइड लोकल गव्हर्न्मेंट' हा दर्जा जातो, आणि राज्याची बरीच कर्जं-अनुदानं त्याच्यावर अवलंबून आहेत. त्या आठवड्यात सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे असतं.