ऑपरेशनआधी गुडघा सरळ करून घ्या

बॅडमिंटन खेळताना उडी मारून खाली आले आणि उजव्या गुडघ्यात 'टक्' झालं. दोन तासांत गुडघा टम्म फुगला. ही खूण लक्षात ठेवा. आवाज येऊन इतक्या लवकर सूज आली, तर आत रक्त साचलेलं असू शकतं आणि एसीएल, म्हणजे गुडघ्यातला एक मुख्य लिगामेंट (हाडांना जोडून धरणारा पट्टा), तुटल्याची दाट शंका घ्यायची. चार दिवसांनी सूज उतरली म्हणून पुन्हा कोर्टवर जाऊ नका.

डॉक्टर गुडघा थोडा वाकवून नडगी पुढे ओढून बघतात. मी घाबरून मांडी आवळून धरली, त्यामुळे पहिल्या खेपेला काही कळलंच नाही. पाय सैल सोडा. एक्स-रेत फक्त हाड दिसतं. लिगामेंट आणि गादी, म्हणजे सांध्यातल्या हाडांमधली कूर्चा, एमआरआयमध्ये दिसते. 'गुडघा कधी अडकतो का?' या प्रश्नाचं उत्तर नीट द्या, कारण फाटलेली गादी मध्ये येऊन अडकत असेल तर घाई करावी लागते.

एरवी ऑपरेशनची घाई नसते. मला पाच आठवडे थांबवलं होतं. सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्यावर ऑपरेशन केलं तर नंतर तो ताठ राहण्याची भीती जास्त. त्या पाच आठवड्यांत एकच काम होतं: पाय पूर्ण सरळ करणं. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि गुडघा खाली सोडायचा. गुडघ्याखाली उशी घेतली की बरं वाटतं, पण पाय वाकलेलाच राहतो. ती उशी मी घरच्यांना लपवून ठेवायला सांगितली होती.

ऑपरेशन दुर्बिणीतून होतं. माझ्याच मांडीमागचा स्नायुबंध काढून लिगामेंटच्या जागी बसवला. कमरेत भूल दिल्यामुळे दुखलं नाही. दुखलं ते रात्री. दुखायची वाट न बघता गोळी वेळेवर घ्या. गादी शिवली असेल तर पायावर भार कधी द्यायचा हे विचारूनच घरी या. पोटरी सुजून दुखू लागली, ताप आला किंवा जखमेतून पाणी येऊ लागलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. दम लागला किंवा छातीत दुखलं तर तडक इमर्जन्सीत.

तिसऱ्या महिन्यात मला वाटलं, आता पळता येईल. फिजिओने अडवलं. नवा लिगामेंट हाडात अजून मुरत असतो, आणि नेमका तेव्हाच तो कच्चा असतो. नऊ महिन्यांनी आधी एका आणि मग दुसऱ्या पायावर उडी मारून अंतर मोजलं, ताकद मोजली, आणि मगच मी रॅकेट हातात घेतली.