घरच्या सोयाबीनचं टेंपे

विदर्भात सोयाबीन पोत्यांनी पिकतं, पण चुलीवर चढतं क्वचितच. मळणी झाली की बाजार समिती, तिथून तेलाचा कारखाना. ताटात परत येतं ते तेल होऊन, नाहीतर सोयावडी होऊन. इंडोनेशियातल्या जावा बेटावरच्या खेड्यापाड्यांत मात्र हेच दाणे टेंपे करून रोजच्या भाताबरोबर खातात. शिजवलेल्या डाळीवर राइझोपस नावाची बुरशी वाढवायची. तिचे पांढरे तंतू दाणे बांधून टाकतात आणि दीड दिवसात सुरीने कापता येईल अशी घट्ट चकती तयार होते. जावाच्या सखल भागात हवा बारा महिने उबदार आणि दमट, त्यामुळे तिथे हे काम ओसरीवरच्या फळीवर होतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर आणि डिसेंबरच्या रात्री १० वर. कृती तीच, पण ऊब आपल्याला सांभाळावी लागते. पहिल्यांदा करणाऱ्यांनी जुलै ते ऑक्टोबर हा काळ धरावा.

दाणा खाण्याचाच घ्या. पेरणीतून उरलेलं बियाणं कितीही चांगलं दिसलं तरी नको. त्याला थायरमसारखं बुरशीनाशक लावलेलं असतं. ते पोटाला विष, आणि धुऊन पूर्ण निघत नाही. सोंगणीच्या वेळी पावसात सापडलेला काळपट, वास येणारा दाणाही बाजूला काढा.

साल काढणं हे सगळ्यात कंटाळवाणं काम, पण ते टाळता येत नाही, कारण बुरशी सालातून आत शिरत नाही. जावात दाणे भिजवून टोपलीत पायांनी तुडवायची जुनी पद्धत आहे. आपल्याकडे त्याहून सोपा मार्ग आहे: दाणे दोन दिवस कडक उन्हात वाळवून जात्यावर भरडा आणि सुपाने पाखडा. गावात अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेली मिनी डाळ मिल असेल तर तिथे न्या, फक्त तुरीला लावतात तसं तेल लावू नका म्हणून आधीच सांगा. थोडं साल राहिलं तर चालतं. चुरा मात्र चाळून काढा. तो शिजल्यावर लगदा होतो आणि हवेची वाट बंद करतो.

१ किलो डाळीला ३ लिटर पाणी घालून रात्रभर भिजवा, थंडीत १६ तासांपर्यंत. पाण्याला हलका आंबूस वास आला तर घाबरू नका, त्या आंबटपणाने नको ते जिवाणू दबतात. सकाळी पाणी फेका, डाळ चोळून धुवा आणि वर आलेली सालं काढा. मग मोठ्या गंजात ताज्या पाण्यात ४० ते ५० मिनिटं उकळा. कुकर नको, फेस आणि सालं शिट्टीत अडकतात. पहिली १० मिनिटं समोरून हलू नका, फेस भसकन उतू जातो. शेवटच्या १० मिनिटांत ४ मोठे चमचे साधं पांढरं व्हिनेगर घाला. दाणा दाताखाली सहज तुटला पाहिजे, पण बोटांत चिरडून पीठ व्हायला नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डाळ निथळून सुती कापडावर एका थरात पसरा, पंखा लावा आणि अधूनमधून हात फिरवा. अर्धा तास धरा, पावसाळ्यात पाऊण. मूठभर डाळ दाबून सोडली की तळहात कोरडा राहिला पाहिजे. ओलावा राहिला की बुरशीआधी जिवाणू वाढतात, चकती चिकट होते आणि अमोनियाचा वास मारते. याच वेळात डाळ कोमटही होते. विरजण, म्हणजे राइझोपस बुरशीची पूड, गरम डाळीवर टाकलं तर मरतं; हाताला ऊन लागत नाही तेव्हाच टाका.

टेंपेचं विरजण ऑनलाइन मिळतं. १ किलो कोरड्या डाळीला साधारण २ ते ३ ग्रॅम पुरतं, पण पाकिटावर वेगळं प्रमाण असेल तर तेच धरा. चमचाभर भाजून थंड केलेल्या तांदळाच्या पिठात मिसळून भुरभुरवा म्हणजे सारखं पसरतं, आणि दोन मिनिटं नीट कालवा. जुनं टेंपे काळं होऊ देऊन त्याचंच विरजण करता येतं, पण दोन-चार फेऱ्यांत त्यात भलत्या बुरशी शिरतात. नव्याने करणाऱ्याने पाकीटच आणावं.

पॉलिथिनच्या पिशवीला दाभणाने दीड-दीड सेंटिमीटरवर भोकं पाडा. डाळ भरून अडीच सेंटिमीटर जाडीची सपाट चकती करा, त्याहून जाड नको. जावात केळीच्या किंवा सागाच्या पानात बांधतात. साग आपल्याकडेही आहे, शिवाय पत्रावळीचा पळस आहे. पानं धुऊन, पुसून, दोन थरांत गुंडाळा. पानातली चव जास्त चांगली. पहिल्या खेपेला मात्र पिशवी बरी, आत काय चाललंय ते दिसतं.

पुढचे २४ ते ३६ तास ३० ते ३२ अंश ऊब हवी. चकत्या जाळीवर किंवा उलट्या सुपावर ठेवा, खालूनही हवा लागली पाहिजे. हिवाळ्यात थर्माकोलच्या खोक्यात गरम पाण्याच्या दोन बाटल्या ठेवा, झाकण किंचित उघडं. पण १२ ते १६ तासांनी बुरशी स्वतःच तापू लागते. तेव्हा बाटल्या काढा आणि चकत्या एकमेकींपासून दूर करा. इथेच बहुतेकांचं बिघडतं: थंडी म्हणून गोधडी तशीच ठेवतात, आतली उष्णता चाळिशी ओलांडते, बुरशी मरते आणि मधला भाग घामट, पिवळा राहतो. एप्रिल-मे मध्ये कूलरच्या खोलीत, फरशीजवळ ठेवा. पत्र्याच्या घरात त्या दिवसांत करूच नका.

झालेली चकती पांढरीशुभ्र, उचलली तरी न वाकणारी, ताज्या अळंबीच्या वासाची असते. भोकांपाशी राखाडी-काळे ठिपके म्हणजे बुरशीचे बीजाणू, ते खाल्ले तरी चालतात. गुलाबी, हिरवा किंवा नारिंगी डाग, तार सुटणं, सडका वास, यातलं काहीही दिसलं की सगळी चकती फेका, तेवढाच भाग कापून नव्हे. आणि पैसे वाचवायला खोबऱ्याची पेंड मिसळू नका. मध्य जावात तसं बोंगक्रेक नावाचं टेंपे करत. त्यात वाढणाऱ्या एका जिवाणूच्या विषाने माणसं दगावली आणि १९८८ मध्ये त्यावर बंदी आली. ते विष शिजवून जात नाही.

१ किलोमागे दीड ते पावणेदोन किलो टेंपे होतं. ते कच्चं खायचं नाही. बोटाच्या अर्ध्या जाडीचे काप लसूण, धणे आणि मीठ वाटून केलेल्या पाण्यात १५ मिनिटं बुडवा, निथळून तळा. जावातली रोजची पद्धत हीच. बान्युमास भागात पातळ काप पिठात बुडवून अर्धवट तळतात, आपण बेसनात भज्यासारखे करू शकतो. सावजी रश्श्यात घालायचं तर आधी तळून घ्या आणि शेवटच्या ५ मिनिटांत सोडा, नाहीतर रस्सा पिऊन फुगतं. फ्रिज नसेल तर झालं त्याच दिवशी संपवा, उन्हाळ्यात रात्रभरात ते काळं पडतं. फ्रिजमध्ये चकत्यांवर चकत्या रचू नका; आत अजून ऊब असते आणि मधल्या चकत्या वाढतच राहतात. १० मिनिटं वाफवून थंड करून ठेवल्या तर आठवडाभर टिकतात.