कॉकापूच्या केसांतला गुंता: आधी कंगवा, मग पाणी

कॉकापू, लॅब्राडूडल अशा पूडल-संकरित कुत्र्यांचे केस वरून मऊ दिसतात, पण गोव्याच्या पावसाळी दमटपणात जटा कातडीलगत धरतात. अंघोळ घातली की त्या अधिकच आवळतात. त्यामुळे विंचरणं नेहमी अंघोळीआधी.

१. कंडिशनर मिसळलेल्या पाण्याचा हलका फवारा मारा; अगदी कोरडे केस तुटतात.

२. एका हाताने केस वर धरा, खालून एकेक पातळ थर सोडत स्लिकर ब्रश (बारीक, वाकड्या तारांचा ब्रश) फिरवा.

३. आता स्टीलचा कंगवा थेट कातडीपर्यंत घाला. खरी परीक्षा हीच. कानांमागे, काखेत आणि पट्टा घासतो तिथे तो हमखास अडतो. अडला तर गाठ बोटांनी सोडवा आणि आधी टोकं, मग हळूहळू मुळापर्यंत असं विंचरा.

४. अंघोळीनंतर टॉवेलने चोळू नका, दाबून पाणी टिपा. मग कोमट ड्रायरने मुळं पूर्ण वाळवा. जुलैत नुसत्या पंख्याखाली ती ओलसरच राहतात आणि खाज सुटते.

बाहेरून भिजून आल्यावर पट्टा लगेच काढा.

जट कात्रीने कधीही कापू नका: कातडी आत ओढली गेलेली असते, सहज कापली जाते. घट्ट जट ग्रूमरकडून मशीननेच काढून घ्या.