ट्रंकेतल्या नायिका: गाण्यांच्या चोपड्या, फोटो आणि कात्रणं कशी सांभाळावीत

जुन्या नायिकांवर जीव टाकणाऱ्यांनी जमवलेला ऐवज बेळगाव, निपाणी, खानापूर भागातल्या घरांत अजून निघतो. चार आण्यांच्या आतबाहेर घेतलेल्या गाण्यांच्या चोपड्या, मासिकांतून कापलेले फोटो, कॅलेंडरं, कधी फिल्मचे तुकडेही. या भागाचा त्या नायिकांवर हक्कच आहे म्हणा ना. सुलोचनाबाई लाटकर चिकोडीकडच्या खडकलाटच्या, शांता हुबळीकर नावाप्रमाणे हुबळीकडच्या, लीला चिटणीस धारवाडच्या, जयश्री गडकर कारवारकडच्या. आणि कोल्हापूरचे स्टुडिओ तर हाकेच्या अंतरावर.

हा ऐवज स्वच्छ करताना एक गोष्ट धरून चाला. धूळ, बुरशी, गंज हा कचरा आहे. समासातली पेन्सिल, टॉकीजचा शिक्का, ओठांवर भरलेला लाल रंग हा कचरा नाही. नायिकेचा फोटो दुसरीकडेही मिळेल, पण तिच्या नावापुढे कुणी चार वेळा केलेली बरोबरची खूण कुठे मिळणार?

कधी उघडायची, काय हाताशी ठेवायचं

ट्रंक एप्रिलमध्ये उघडा, वळवाच्या आधी. जून ते सप्टेंबर तिला हात लावू नका. पावसाळ्यात कागद हवेतली ओल पितो आणि सादळलेला कागद चिमटीत धरला तरी फाटतो. खानापूरकडे ओल जास्त, तिथे बुरशीचा त्रास. अथणीकडे हवा कोरडी, तिथे कागद पापडासारखा मोडतो. त्यामुळे शेजारच्या तालुक्यातल्या माणसाचा सल्ला तुमच्या ट्रंकेला लागू पडेलच असं नाही.

सामान थोडंच लागतं: मऊ केसांचा इंचभर रुंद ब्रश, एन-९५ मास्क, टीपकागद, २बी पेन्सिल, बोथट टोकाचा चिमटा, पातळ स्टीलची पट्टी, पांढरा सुती दोरा. कागदासाठी हातमोजे नकोत. मोज्यात बोटांना अंदाज येत नाही आणि कोपरे तुटतात. साबणाने हात धुवा, खडखडीत कोरडे करा, तेल-क्रीम लावू नका. मोजे फक्त फोटो आणि निगेटिव्हसाठी, कारण बोटांचे ठसे तिथे कायमचे उमटतात.

पहिल्यांदा काहीही न हलवता फोनवर ट्रंकेचा फोटो घ्या. मग प्रत्येक थराचा. गठ्ठे कसे बांधलेत, कुणाबरोबर कोण ठेवलंय, हा क्रम जमवणाऱ्याने लावलेला असतो. शांता आपट्यांची कात्रणं एका सुतळीत आणि बाकी सगळ्या दुसऱ्या सुतळीत असतील, तर त्या घरातलं मत कळलंच. गठ्ठ्यांना क्रमांक द्या, मगच सुतळी सोडा.

जमवणारी व्यक्ती हयात असेल तर ट्रंक तिच्यासमोरच उघडा. "आज्जी, हे कुठल्या सालचं?" असं विचारलं तर "काय की बाई, लई दिस झाले" एवढंच उत्तर येतं. "आज्जी, ह्यातलं कुठलं गाणं तुला पाठ आहे?" असं विचारा. गाणं आठवलं की टॉकीज आठवतं, कुणाबरोबर गेलो तेही आठवतं. परवानगी घेऊन रेकॉर्डिंग करा आणि चोपडीचा क्रमांक रेकॉर्डिंगमध्येच मोठ्याने बोला. नाहीतर महिन्याने कुठला आवाज कुठल्या चोपडीचा ते लागत नाही.

साल कसं ओळखायचं

चोपडीवर साल बहुधा नसतं. आत कथासार, भूमिका आणि गाणी असतात. कथासार ऐन रंगात थांबतं आणि पुढचं पडद्यावर पाहा म्हणतं. मग साल काढायचं ते किमतीवरून आणि पत्त्यावरून.

किंमत आण्यात असेल तर छपाई साधारण १९५७ च्या आधीची, कारण दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली. 'नये पैसे' छापलं असेल तर १९५७ ते १९६४. नुसते 'पैसे' असतील तर त्यानंतरची. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरची. टॉकीजच्या शिक्क्यात किंवा तिकिटावर राज्याचं नाव असेल तर काम आणखी सोपं. बेळगाव १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतं, मग म्हैसूर राज्यात, आणि त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं १ नोव्हेंबर १९७३ ला.

पण हे साल छपाईचं, चित्रपटाचं नव्हे. जुने चित्रपट पुन्हा पुन्हा लागत आणि चोपडी नव्याने छापली जाई. 'कुंकू' १९३७ चा. त्याची चोपडी नये पैशांत असेल तर ती पुन्हा लागला तेव्हाची. दोन्ही सालं वेगवेगळी लिहा.

कंपनीचा पत्ताही बोलतो. प्रभात फिल्म कंपनी कोल्हापुरात १९२९ ला सुरू झाली आणि १९३३ ला पुण्याला गेली. 'अयोध्येचा राजा' १९३२ चा, म्हणजे दुर्गा खोट्यांची तारामती कोल्हापूरची आणि 'कुंकू'मधली शांता आपट्यांची नीरा पुण्याची. प्रभातचे बरेच बोलपट मराठी-हिंदी दोन्हीत निघाले: 'कुंकू' आणि 'दुनिया न माने', 'माणूस' आणि 'आदमी'. फोटोत तीच नायिका, तोच पोशाख, पण चोपडी दुसऱ्या चित्रपटाची. फोटोवरून नाव लिहू नका, गाण्यांची भाषा बघा.

कात्रणाचं साल मागच्या बाजूवर असतं. जाहिरातीतली किंमत, एखादी बातमी, सणाचा उल्लेख. म्हणून कात्रण वहीत चिकटवलेलं असेल तर मागचं अर्धं उत्तर गेलंच, आणि नवं कात्रण कधीही चिकटवायचं नाही.

नावांचा घोळ

सर्वांत जास्त चुका इथे होतात. सुलोचना एक नाही, तीन. मूकपटांच्या काळातल्या सुलोचना म्हणजे रुबी मायर्स. 'वहिनीच्या बांगड्या' (१९५३) मधल्या सुलोचना म्हणजे खडकलाटच्या सुलोचना लाटकर. आणि चोपडीत गायिका म्हणून 'सुलोचना कदम' दिसलं तर त्या लावणीवाल्या सुलोचना चव्हाण, लग्नाआधीच्या. तिघींची कात्रणं एकाच पाकिटात कोंबलेली असतील तर पाकीट फोडू नका, पण नोंदी मात्र तीन करा.

शांता आपटे आणि शांता हुबळीकर दोघीही प्रभातच्या, दोघीही गाणाऱ्या. 'माणूस' (१९३९) मधली मैना हुबळीकरांची. उषा किरण आधी उषा मराठे होत्या, हंसा वाडकर मूळच्या रतन साळगावकर, संध्या म्हणजे विजया देशमुख. नोंदवहीत पडद्यावरचं नाव पहिलं घाला, मूळ नाव पुढे, आणि चोपडीत जसं छापलंय तसं तिसऱ्या रकान्यात. छापलेलं चूक असलं तरी दुरुस्त करून उतरवू नका.

सफाई आणि डागडुजी

बुरशी दिसली तर ती ओली असताना पुसायची नाही. पुसली की कागदात मुरते. सावलीत, हवेशीर जागी, टीपकागदावर पानं पसरून दोन-तीन दिवस वाळू द्या. उन्हात घालाल तर शाई उडेल आणि कागद वळेल. कोरडी झालेली बुरशी मास्क लावून, घराबाहेर, ब्रशने मधून कडेकडे झटका.

कसर लागली असेल तर डांबराच्या गोळ्यांनी ती जात नाही. गोळ्यांच्या वाफेने काही प्लास्टिक मऊ पडतं आणि नाकालाही त्रास. कडुलिंबाचा पाला, तंबाखूची पानं यांनी डाग पडतात. डीप फ्रीजरचा उपाय खरा: चोपड्या झिपच्या पिशवीत, हवा काढून, उणे १८ अंशाखाली १४ दिवस. लाइट गेली आणि आतलं वितळलं, तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजा. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडू नका, नाहीतर पाणी धरतं. फोटो आणि फिल्म फ्रीजरमध्ये नकोत.

गंजलेल्या पिना उपटू नका. पिनेचे पाय पट्टीच्या टोकाने उलटे उभे करा आणि पाठीच्या बाजूने चिमट्याने काढा. मग त्याच भोकांतून सुती दोरा ओवून आतल्या बाजूला गाठ मारा, जरा सैलच. करकचून आवळला तर दोरा कागद कापतो.

फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नका. लावलेली असेल तर ओढूही नका, छपाई तिच्याबरोबर येते. चिकटवायला लागते ती खळ आपल्या घरात दर उन्हाळ्यात होते: कुरडयांचा गव्हाचा चीक. फक्त मीठ-हिंग पडण्याआधीचा घ्या. एक भाग वाळवलेला चीक, पाच भाग गाळलेलं पाणी, मंद आचेवर २० ते २५ मिनिटं, सतत ढवळत. पांढरा रंग जाऊन पारदर्शक झाला की उतरवा, थंड झाल्यावर बारीक कापडातून गाळा. फ्रीजमध्ये चार दिवस टिकते, आंबट वास आला की फेका. मैद्याची खळ नको. ती पिवळी पडते आणि कसरीला आमंत्रण. खळीबरोबर जपानी टिश्यूची (पातळ पण चिवट कागदाची) बोटभर पट्टी, मागच्या बाजूने, कडा हाताने फाडलेल्या. पतंगाचा कागद वापरलात तर त्याचा रंग फुटतो.

संतपटातल्या नायिकेच्या चित्राला हळदकुंकू लागलेलं असेल तर पुसू नका. कोरा पांढरा कागद वर ठेवा, नाहीतर ओलीने रंग शेजारच्या पानावर उतरतो. काचेला चिकटलेला फोटो सोडवायच्या भानगडीत पडू नका. काचेसकट स्कॅन करा. काळ्या पानांच्या अल्बममधले फोटोही तसेच राहू देत.

फिल्मच्या तुकड्यांबाबत मात्र सावध राहा. व्हिनेगरसारखा वास आला तर तो तुकडा कागदी पाकिटात घालून बाकीच्यांपासून लांब ठेवा, त्याची आम्ल वाफ इतरांनाही खाते. १९५० च्या आसपासपर्यंतची फिल्म नायट्रेटची असू शकते आणि ती झटकन पेटते. पेटवून खात्री करायला जाऊ नका. चिकट झालेली किंवा तपकिरी भुगा पडणारी फिल्म घरात ठेवण्यासारखी नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला विचारा. ही संस्था १९६४ पासून आहे आणि चोपड्या, पोस्टरंही जतन करते.

ठेवण

लॅमिनेशन म्हणजे कागदाला जन्मठेप. वास येणारं मऊ पीव्हीसी पाकीटही नको. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं घ्या, प्रत्येकात एकच वस्तू. झाकण घट्ट बसणारा डबा, आत सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे); २५ लिटरच्या डब्याला २०० ग्रॅम हा आमचा अंदाज. डबा एप्रिल-मेमध्येच बंद करा. पावसाळ्यात बंद केलात तर ओल आत कोंडली. साध्या आर्द्रतामापकावर आकडा ६५ टक्क्यांच्या वर गेला की बुरशीला वाट मोकळी; जेल बदला. ओलं जेल ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास, गॅसच्या आचेवर नाही. डबा विटांवर, भिंतीपासून चार बोटं लांब, म्हणजे वाळवीची माती चढलेली दिसते.

स्कॅन ६०० डीपीआयवर, रंगीत, टिफ (TIFF) फाइलमध्ये, काळंपांढरं पान असलं तरी. पिवळेपणा आणि पेन्सिल त्यातच दिसते. ए४ पानाची फाइल १०० एमबीच्या आसपास जाते, त्याप्रमाणे डिस्क घ्या आणि दुसरी प्रत दुसऱ्या घरात ठेवा. कोरी पानंसुद्धा स्कॅन करा. मागच्या कोऱ्या पानावरच कुणीतरी गाण्याची चुकीची ओळ लिहून खोडलेली असते.

सुलोचनाबाई लाटकरांची जयंती ३० जुलैला, म्हणजे ऐन पावसात. तेव्हा गावात प्रदर्शन लावायचं असेल तर छापील प्रती लावा, मूळ डब्यातच राहू दे. मजकूर मराठी-कानडी दोन्हीत द्या. खाली जमवणाऱ्याचं नाव घालायचं असेल तर आधी त्यांना विचारा. काही आज्ज्यांना ते नको असतं, कारण टॉकीजला गेल्याचं घरी सांगितलेलं नसतं.