चहा कमी करायचाय आणि शनिवारचा कॅरमही हवाय? या चुका टाळा

दर शनिवारी संध्याकाळी सहाला मित्राकडे कॅरम मांडला जातो. आल्या आल्या चहा. साडेसातला कुणीतरी उशिरा उगवतो, त्याच्यासोबत परत चहा. नऊला जेवणं उरकली की ‘आता जरा निवांत’ म्हणून, आणि निघताना दारात चपला घालता घालता अर्धा-अर्धा. मग रात्री दोनपर्यंत छताचा पंखा बघत पडायचं. चहा कमी करायला मला चार महिने लागले. त्यातले तीन खालच्या चुकांमध्ये गेले.

‘सोमवारपासून बंद!’

रविवारी रात्री जाहीर केलं. सोमवारी दुपारी कपाळ ठणकायला लागलं, मंगळवारी स्क्रीनकडे बघवेना. मला वाटलं पित्त झालं. रोजचं कॅफिन एकदम थांबलं की साधारण १२ ते २४ तासांत डोकं धरतं, पहिले दोन दिवस जड जातात आणि बहुतेकांचं आठवडाभरात उतरतं. मी डोकेदुखीची गोळी घेतली, चटकन बरं वाटलं. नंतर पाकिटाची मागची बाजू वाचली तर पॅरासिटामॉलच्या जोडीला कॅफिन होतं. चहा सोडला होता, तो गोळीतून घेत होतो.

आठवड्याला एक कप कमी करा आणि सुरुवात रात्रीच्या कपापासून करा. सकाळच्या कपाला हात लावायची घाई नको. शरीरातलं कॅफिन निम्मं व्हायला सरासरी पाच तास लागतात. म्हणजे नऊच्या चहातलं निम्मं दोन वाजता अजून अंगात असतं. माझ्या पंख्याचं कोडं इथे सुटलं. आठवड्यानंतरही डोकं थांबत नसेल तर डॉक्टरांना दाखवा, ते चहाचं नसेल.

कप मोजणं

‘तीनच कप घेतो’ म्हणणारा माझा मित्र मगातून पितो. त्याचा एक मग म्हणजे घरातले दोन कप भरतील. भुकटी किती, उकळलं किती, साखर किती, हे मोजा. सपाट चमच्यात साधारण ४ ग्रॅम साखर बसते. दोन चमच्यांचे पाच कप म्हणजे ४० ग्रॅम, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिलात तर उत्तम म्हणते. सोबतची खारी आणि बिस्किटं वेगळी. साखर दर दहा दिवसांनी अर्धा चमचा उतरवा आणि कुणाला सांगू नका. सांगितलं की सगळ्यांना चहा पाणचट लागायला लागतो.

ग्रीन टीवर उडी

ग्रीन टीतही कॅफिन असतं, कोऱ्या चहातही. दूध काढून टाकल्याने ते जात नाही. वर आपण तो आपल्या चहासारखा खळखळ उकळतो, मग कडू लागला की ‘मला नाही आवडत’. उकळी आलेलं पाणी जरा निवू द्यायचं आणि पाती त्यात दोन-तीन मिनिटंच ठेवायची. नाहीतर गवती चहा आणि आलं पाण्यात उकळा. नाव चहा असलं तरी ते गवत आहे, त्यात कॅफिन नाही. फक्त सवयीने वरून चमचाभर भुकटी टाकू नका. (मी टाकली आहे.)

चहा मोजला, खेळ नाही

एका शनिवारी गुणांच्या वहीत चहाचा एक रकाना आखला. आमचा चहा तहान लागली म्हणून होतच नव्हता. कुणीतरी रिकामं बसलं की होत होता. कॅरमचा बोर्ड संपला, सोंगट्या लावायच्यात, हरलेला उठतो: ‘टाकतो रे चहा.’ व्यापार खेळायला घेतला तर पहिला दिवाळखोर तासभर नुसता बसतो, आणि त्याला स्वयंपाकघराशिवाय जाणार कुठे?

म्हणून आधी खेळ नीट करा. कॅरममध्ये मॅचचा गेम २५ गुणांचा किंवा आठ बोर्डांचा असतो, जे आधी होईल ते. आम्ही दर बोर्डला उठायचो. आता गेम संपल्याशिवाय कुणी उठत नाही. व्यापाराचं जे मूळ, त्या मोनोपॉलीच्या नियमात एखाद्याने जागा घ्यायला नकार दिला की तिचा लगेच लिलाव होतो. तो आपण जवळजवळ कधीच खेळत नाही, आणि डाव लांबतो. आम्ही व्यापारातही लिलाव सुरू केला, तर डाव आटोपशीर झाला आणि रिकामे बसणारेही कमी झाले.

नुसतं ‘नको’ म्हणणं

‘काकू, मला चहा नको’ हे वाक्य आपल्याकडे संकोच समजलं जातं. पाच मिनिटांत कप समोर. ‘काकू, ताक असेल तर चालेल’ म्हटलं की त्या खूश, आपणही सुटलो. हे कळायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

जेवणावर लगेच चहा नको, हे ओघात सांगून टाकतो. त्यातल्या टॅनिनमुळे पालेभाजी-डाळीतलं लोह अंगी लागायला अडतं. तासभर थांबा.

कप बोर्डाच्या काठावर

स्ट्रायकर मारला की पावडर उडते आणि काठावरच्या कपात बसते. बोरिक पावडर पोटात जायची वस्तू नाही. कपांसाठी बाजूला एक स्टूल ठेवा.

तरी सांडलाच, तर ओलं फडकं फिरवू नका. कोरड्या सुती कापडाने टिपून घ्या, घासू नका, घासलं की पावडरीचा चिखल प्लायच्या रेषांत जातो. चिकटपणा उरला तर घट्ट पिळलेल्या कापडाचा एकच हात, लगेच पुन्हा कोरडं. उन्हात ठेवू नका, प्लाय वाकतो. आमचा एक बोर्ड असाच गेला, सोंगट्या आपोआप डाव्या खिशाकडे निघायच्या. दिवसभर पंख्याखाली आडवा ठेवा आणि पूर्ण सुकल्याशिवाय पावडर टाकू नका.