वय ओळखा, मगच शिकवा: कुत्र्यांच्या प्रशिक्षणात या चुका टाळा

सोलापुरात कुत्रे पाळणाऱ्या घरांतून एक तक्रार हमखास कानावर येते: "आमचं कुत्रं ऐकतच नाही." नीट चौकशी केली, तर बहुतेक वेळा असे आढळते की त्याच्या वयाला न झेपणारी अपेक्षा त्याच्याकडून केली जात आहे. दोन महिन्यांच्या पिल्लाने रात्रभर लघवी रोखावी, वर्षाच्या तरण्या कुत्र्याने समोरून मांजर गेले तरी जागचे हलू नये आणि दहा वर्षांच्या म्हाताऱ्या कुत्र्याने पहिल्या हाकेला धावत यावे, असे आपण धरून चालतो आणि तसे घडले नाही की त्याला हट्टी ठरवून मोकळे होतो.

पहिली चूक पिल्लू घरी येण्याआधीच होते. पाच आठवड्यांचे पिल्लू गोजिरवाणे दिसते म्हणून उचलून आणले जाते. पण निदान आठ आठवडे ते आईजवळ आणि भावंडांत राहिले पाहिजे. खेळताना एकाने जोरात चावले की दुसरे किंचाळते आणि खेळ मोडतो. दातांचा जोर आवरायला पिल्लू तिथेच शिकते.

घरात लघवी केली म्हणून पिल्लाचे नाक त्यात घासणे ही रीत आजही अनेक घरांत आहे, आणि ती मला सर्वांत जास्त खुपते. कुत्र्याला शिक्षेचा संबंध त्या क्षणी घडणाऱ्या गोष्टीशीच जोडता येतो. दहा मिनिटांपूर्वीच्या ओल्या फरशीशी नव्हे. त्यामुळे ते एवढेच शिकते की माणसासमोर लघवी करणे धोक्याचे आहे, आणि पुढच्या वेळी सोफ्यामागे जाऊन करते. वय जितके महिने, त्यात एक मिळवून तितके तास, हा दिवसा लघवी रोखण्याच्या क्षमतेचा ढोबळ आणि कमाल हिशेब आहे. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळ थांबल्यावर लगेच बाहेर न्यावे, आणि काम झाल्याबरोबर तिथल्या तिथे खाऊ द्यावा. घरात परतून दिलेला खाऊ उंबरठा ओलांडल्याचे बक्षीस ठरतो. फिनेलने पुसलेल्या फरशीवर उरलेला लघवीचा वास आपल्याला येत नसला तरी त्याला येतो, म्हणून लघवीचा वास मोडणारे एन्झाइमयुक्त द्रव वापरावे.

लसीकरण पूर्ण होईपर्यंत पिल्लाला घरात कोंडून ठेवणे ही काळजीपोटी होणारी चूक आहे. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात जे दिसते आणि ऐकू येते, ते त्याला पुढे आयुष्यभर ओळखीचे वाटते. त्याला कडेवर घेऊन सात रस्ता चौकातली वर्दळ दाखवावी, रिक्षांचे आवाज ऐकवावेत. फक्त रस्त्यावरच्या कुत्र्यांत आणि घाणीत जमिनीवर सोडू नये. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत होम मैदानावर शोभेचे दारूकाम होते, त्याची तयारीही आधीपासून करावी: फटाक्यांचे ध्वनिमुद्रण अगदी हळू लावून त्याच वेळी खाऊ द्यावा आणि कुत्रे निवांत राहील तसतसा आवाज दिवसागणिक किंचित वाढवावा.

आपल्या शहराची म्हणून एक खास अडचण आहे. एकाच घरात आजी तेलुगूत "रा" म्हणते, शेजारच्या काकू कन्नडमध्ये "बा" म्हणतात आणि मुले मराठीत "ये" म्हणतात. तिन्हींचा अर्थ एकच, हे माणसांना कळते, शिकाऊ कुत्र्याला मात्र ते तीन निराळे आवाज वाटतात. भाषा कोणतीही चालेल, पण घरातल्या सर्वांनी एका कृतीला एकच शब्द ठरवावा आणि तो एकदाच उच्चारावा. खाऊ म्हणून शेंगा चटणी लावलेली भाकरी देऊ नये. तिच्यातला लसूण कुत्र्याला अपायकारक असतो. उकडलेल्या कोंबडीचा नखाएवढा तुकडा पुरतो, आणि पिल्लाला एका वेळी पाच मिनिटांचा सराव पुष्कळ होतो.

सहा ते अठरा महिन्यांच्या काळात शिकलेले सारे विसरल्यासारखे कुत्रे वागते. त्या वेळी चिडून साखळीने दिवसभर बांधले, तर अंगातली रग भुंकण्यात निघते. शिवाय प्राण्याला गैरवाजवी आखूड किंवा जड साखळीने बराच वेळ बांधून ठेवणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. कारवान जातीच्या कुत्र्याला नजरेने शिकार टिपण्यासाठीच पिढ्यान्‌पिढ्या जोपासले आहे, त्यामुळे मोकळ्या माळावर ससा दिसला की तो हाकेला थांबत नाही. त्याचा सराव लांब दोरीवरच करावा. हाकेला उशिरा आला तरी रागावू नये, कारण रागावलात तर जवळ येण्याचीच शिक्षा मिळाली असे तो समजतो. उन्हाळ्यात मात्र सराव सकाळी सातच्या आत उरकावा. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता येत नसेल, तर त्याचे पंजेही भाजतात.

म्हाताऱ्या कुत्र्याच्या बाबतीत चूक शिकवण्यात नसते, ती समजून घेण्यात असते. स्वच्छ राहणारे कुत्रे अचानक घरात लघवी करू लागले, बसायला टाळू लागले किंवा हात लावताच गुरगुरू लागले, तर आधी पशुवैद्याला दाखवावे. मूत्रमार्गाचा विकार, सांधेदुखी, मोतीबिंदू यांपैकी काहीही असू शकते. गुरगुरणे मारून बंद करू नये, कारण ती चावण्याआधीची सूचना असते, आणि सूचना दडपली की पुढे थेट दात लागतात.

अशोक चौकाजवळच्या एका घरातील बारा वर्षांच्या कुत्रीला ऐकू येईनासे झाले, तेव्हा ती मुद्दाम दुर्लक्ष करते असेच घरच्यांना वाटत होते. आता त्या घरातल्या आजी लाकडी पलंगाच्या कडेवर दोनदा थाप मारतात. पलंगाला टेकून झोपलेल्या कुत्रीला तो हादरा कळतो, ती मान वर करून पाहते, आजी तळहात आपल्याकडे वळवतात आणि ती सावकाश उठून त्यांच्यापुढच्या घडी घातलेल्या चादरीवर येऊन बसते. ही खूण शिकायला तिला आठवडाभर लागला, दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी तीन-चार मिनिटे.